कारवी आणि नीलकुरिंजी : नात्यातल्या दोघी, मग धोक्याच्या यादीत एकच का?

शाल्मली

कारवी आणि नीलकुरिंजी यांची तुलना एका जागी नीट वाचायला मिळत नाही, म्हणून हा धागा काढतेय.

दोन्ही झुडपं पश्चिम घाटातली. दोघींचं कूळ अकॅन्थेसी, म्हणजे आपल्या अडुळशाचं आणि कोरांटीचं. दोघींची प्रजातीही (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) एकच, स्ट्रोबिलॅन्थेस. आपली कारवी म्हणजे स्ट्रोबिलॅन्थेस कॅलोसा आणि मुन्नारची ती नीलकुरिंजी म्हणजे स्ट्रोबिलॅन्थेस कुंथियाना. दोघी वर्षानुवर्षं नुसती पानं मिरवतात, मग एका पावसाळ्यात अख्खा डोंगर जांभळा-निळा करतात, बी धरतात आणि मरतात. कारवीचा फेरा आठव्या वर्षी येतो, कुरिंजीचा बाराव्या.

इतकं साम्य असून नीलकुरिंजी २०२४ मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत 'असुरक्षित' वर्गात गेली आणि कारवी मात्र धोक्याच्या कुठल्याच वर्गात नाही. बारा वर्षांनी फुलते म्हणून ती दुर्मिळ, असं सोपं उत्तर बरेच जण देतात. मला ते पटत नाही. फूल क्वचित दिसणं आणि झाड कमी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमचं काय मत?

डोंगरवेडा

मस्त विषय. जागा पकडून बसतो.

गिरिमित्र

शाल्मलीताई, मुद्दा बरोबर मांडलात. फूल नसलेल्या वर्षी कारवी दिसत नाही कुणाला, पण ती तिथेच असते. सह्याद्रीत पावसाळ्यात घाटवाट चढताना दोन्ही बाजूंनी अंगावर येणारं, खरखरीत मोठ्या पानांचं, पुरुषभर उंचीचं रान असतं ना, ती बहुतेक वेळा कारवीच. शेवटच्या चढाला तिच्याच काठ्या धरून वर आलोय प्रत्येक जण. अशा झाडाला दुर्मिळ कसं म्हणणार?

जुईली

कारवीच्या काठ्या धरून चढलेल्यांत मीपण. +१

पिंपळपान

वर्गीकरणाबद्दल थोडं लिहितो, कारण 'प्रजाती एकच' हे वाक्य वाटतं तितकं सरळ नाही.

दोन्ही झाडांचं पहिलं शास्त्रीय वर्णन एकाच माणसाने केलंय, जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ नीस यांनी, १८३२ मध्ये. पण त्यांनी दोघींना वेगवेगळ्या प्रजातीत ठेवलं होतं. कारवी स्ट्रोबिलॅन्थेसमध्ये, नीलकुरिंजी फ्लेबोफायलममध्ये. पुढे थॉमस अँडरसन यांनी कुरिंजीला स्ट्रोबिलॅन्थेसमध्ये आणलं. मग १९४४ मध्ये ब्रेमेकॅम्प यांनी ही सगळी मोठी प्रजातीच फोडली, तिचे पन्नासहून जास्त तुकडे केले. त्यांच्या हिशेबात कारवीला 'कार्व्हिया' अशी तिची स्वतःची प्रजाती मिळाली आणि कुरिंजी पुन्हा फ्लेबोफायलममध्ये गेली. म्हणून जुन्या संदर्भांत आणि अजूनही कित्येक फलकांवर 'कार्व्हिया कॅलोसा' हेच नाव दिसतं. अलीकडे हे बहुतेक तुकडे परत एकत्र करून स्ट्रोबिलॅन्थेस मोठ्या अर्थाने घेतात. त्यात आता साडेतीनशेहून जास्त जाती येतात.

त्यामुळे नात्यातल्या म्हणा, पण सख्ख्या बहिणी म्हणताना जपून. कारवीच्या कणसासारख्या फुलोऱ्यावर चिकट केस असतात, हात लावला की कळतं. झाडही केवढं, दोन मीटर सहज ओलांडतं. कुरिंजी उघड्या माळावर गुडघ्यापासून कमरेपर्यंत, आडोशाला अजून वाढते. पान लहान, शिरा ठसठशीत.

अबोली

पिंपळपान काका, हा प्रतिसाद जपून ठेवलाय. अडुळसा आणि कारवी एका कुळातले हे आत्ताच कळलं. आमच्याकडे अडुळशाचा काढा प्यायल्याशिवाय पावसाळा जायचा नाही.

पिंपळपान

अबोली, अजून एक पायरी वर गेलीस तर तुळसही त्याच गणात येते. गण लॅमिएलिस.

मावळतीकर

मी दोन्ही बहर पाहिलेत. कारवीचा २०१६ चा आणि मुन्नारजवळ राजमळ्याचा २०१८ चा. त्यामुळे अधिवासाबद्दल लिहितो.

कारवी उतारावर असते. कड्याच्या पोटाशी, घळीत, विरळ झाडीच्या सावलीत, डोंगराच्या खांद्यावर. जिथे माती जेमतेम टिकते तिथे ती दाटीने उभी राहते आणि माती धरून ठेवते. गुजरातच्या डांगापासून खाली कोकणचे घाट, गोवा, कर्नाटक, तिकडे मध्य प्रदेशात सातपुड्यातही तिच्या नोंदी आहेत. मुंबईत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात, म्हणजे समुद्रसपाटीपासून फारशा उंचीवर नसलेल्या टेकड्यांवरही ती मजेत फुलते.

कुरिंजीचं जग निराळं. तिला साधारण १,३०० ते २,४०० मीटर उंचीवरचे गवताळ माथे लागतात. तिकडे घळींमध्ये बुटक्या सदाहरित झाडांची गच्च राई असते, तिला शोला म्हणतात, आणि दोन शोलांच्या मधला सगळा डोंगर गवताचा. त्या गवतात कुरिंजी. मुन्नारजवळच्या एरविकुलम राष्ट्रीय उद्यानात अनैमुडी शिखर आहे, २,६९५ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६. तेव्हा कुरिंजीला लागते तेवढ्या उंचीची जमीन मुळात थोडी, आणि ती अशी डोंगरमाथ्यांवर तुटक तुटक. मध्ये खोल दऱ्या. एका माथ्यावरची कुरिंजी गेली तर शेजारच्या माथ्यावरून बी उडत येणार नाही.

शाल्मली, तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते इथे आहे. वर्षांच्या आकड्यात नाही.

कातळसडा

मावळतीकर, अर्धं सहमत. उंचीच्या पट्ट्यात महाबळेश्वर, साल्हेर, कळसूबाई हे सगळेही येतात की. १,३०० च्या वरच आहेत. तिथे का नाही कुरिंजी?

मावळतीकर

चांगला प्रश्न आहे. नुसती उंची पुरत नाही. तिकडे दोन्ही पावसाळे मिळतात, नैर्ऋत्येचाही आणि परतीचाही. आपल्याकडे ऑक्टोबरनंतर जूनपर्यंत ठणठणीत कोरडं. शिवाय आपले उंच माथे म्हणजे एकटे सुळके आणि किल्ले. तिकडच्यासारखी सलग पठारं त्या उंचीवर आपल्याकडे नाहीतच.

नाखवा

माझं वय कारवीच्या हिशेबात सहा बहर झालं, कुरिंजीच्या हिशेबात फक्त चार. उद्यापासून मी कुरिंजीचाच हिशेब सांगणार 😀

जुईली

नाखवा, यात खरं काहीतरी आहे बरं का. तमिळनाडूतले पलियन आदिवासी कुरिंजीच्या बहरांवरून वय मोजत, अशी नोंद आहे.

शाल्मली

आणि प्राचीन तमिळ संगम साहित्यात डोंगराळ प्रदेशाला आणि तिथल्या प्रेमकवितेला नावच 'कुरिंजी'. कोडाईकनालला कुरिंजी अंडवर म्हणून मुरुगनाचं देऊळ आहे. एका झुडपाने एवढी जागा व्यापलीय तिथे लोकांच्या मनात! आपल्याकडे कारवीने भिंती दिल्या. काठ्या उभ्या विणायच्या आणि वरून शेणमातीचा गिलावा. कुडाचं घर म्हणतो ते हेच.

गिरिमित्र

कारवीच्या मधाला विसरू नका. बहराच्या वर्षीचा मध गडद आणि घट्ट असतो, चवीला वेगळा. मधमाश्यांना तर ते वर्ष म्हणजे पर्वणी.

टाकळा

मूळ मुद्द्याला थोडा विरोध करतो.

इथे सगळे 'कारवी भरपूर आहे' म्हणतायत. कशावरून? आपण ट्रेकच्या वाटांवर पाहतो म्हणून. डोंगर फोडून रस्ते रुंद होतायत, उतारावर बंगल्यांचे प्लॉट पडतायत, दरवर्षी वणवे लागतात. कारवी उतारावरची म्हणताय, मग उतार कापला की कारवी गेलीच ना? मला वाटतं तीही यादीत जायला हवी. आता नाही तर कधी?

पिंपळपान

टाकळा, तळमळ कळली. पण यादीत जायचं तर त्याला ठरलेले निकष आहेत. ते कसे लागतात ते सांगतो, कारण नीलकुरिंजीचा निकाल त्यातूनच समजतो.

आययूसीएनचे निकष पाच गटांत आहेत, अ ते ई म्हणा. संख्या किती घटली, पसारा किती लहान उरलाय, एकूण झाडं किती थोडी, वगैरे. नीलकुरिंजी पहिल्या गटात बसली. अधिवास आक्रसला आणि बिघडला, त्यावरून संख्येत घट झाली असं धरलं गेलं. 'असुरक्षित' ठरायला ही घट किमान ३० टक्के लागते. आणि ती मोजायची किती काळात? दहा वर्षं किंवा तीन पिढ्या, यातलं जे जास्त असेल ते.

आता गंमत बघा. कुरिंजीची एक पिढी बारा वर्षांची. तीन पिढ्या म्हणजे ३६ वर्षं. म्हणजे तिच्या बाबतीत छत्तीस वर्षांत डोंगरमाथ्यांचं काय झालं ते तपासलं जातं. कारवीच्या तीन पिढ्या २४ वर्षांच्या. तिचा पसारा डांगापासून कर्नाटकापर्यंत आणि सातपुड्यापर्यंत. एवढ्या सगळ्या पट्ट्यातली तीस टक्के कारवी गेल्या २४ वर्षांत गेली, असं दाखवता आलं तर ती यादीत येईल. आपल्या घाटात चार ठिकाणी उतार कापले म्हणून येणार नाही.

टाकळा

पिंपळपान, निकष मान्य. पण यादीत नाही म्हणजे सुरक्षित आहे, असा अर्थ लोक काढतात आणि तिथे मला राग येतो. एखाद्या घाटातली कारवी उखडली तर त्या घाटापुरता तो नाशच आहे, जगाची टक्केवारी काहीही असो. खालच्या वाडीवर दरड आली तर टक्केवारी दाखवून चालेल का?

गिरिमित्र

टाकळा +१००

कातळसडा

हे मात्र शंभर टक्के खरं. जागतिक यादी आणि एका डोंगराची गरज या दोन पातळ्या आहेत.

अबोली

पण माथ्यांवरची कुरिंजी कमी का झाली? लोकांनी तोडली का?

मावळतीकर

अबोली, फुलं तोडणं हा भाग छोटा आहे. खरा घाव जमिनीवर बसला. इंग्रजांनी त्या गवताळ डोंगरांवर चहा लावला. मग वॅटल म्हणजे परदेशी बाभूळ, निलगिरी, पाईन यांच्या लागवडी झाल्या, त्या स्वातंत्र्यानंतरही चालू राहिल्या. गवताळ माळ म्हणजे पडीक जमीन, तिथे झाडं लावली की सुधारणा झाली, हा समज त्यामागे होता. वॅटल तर इतका चिवट की लावलेल्या जागेतून स्वतःच पसरत जातो. त्याच्या सावलीत कुरिंजी टिकत नाही, तिला उघडं ऊन लागतं.

झाडं लावून एखादी जात धोक्यात येते, हे पचायला जड जातं लोकांना. मी तिकडे उभा राहून दोन्ही बाजू पाहिल्या आहेत. एका अंगाला राखलेला निळा डोंगर, दुसऱ्या अंगाला निलगिरीची सरळ रांग आणि खाली काही नाही. फार वाईट वाटलं.

जुईली

आणि त्यात हा बारा वर्षांचा फेरा. म्हणजे शाल्मलीताई, वर्षांचा आकडा अगदीच बिनमहत्त्वाचा नाही! बघा ना, बहराच्या वर्षी सगळी झाडं फुलून मरणार. पुढची पिढी पूर्ण त्या एका वर्षाच्या बियांवर. नेमका तेव्हाच वणवा लागला किंवा लोकांनी झुडपं तुडवली तर पुढची संधी बारा वर्षांनी. दरवर्षी फुलणाऱ्या झाडाला एक वर्ष वाया गेलं तर चालतं, हिला चालत नाही.

शाल्मली

जुईली, हे छान पकडलंस. म्हणजे असं म्हणू या, की लांब फेरा ती दुर्मिळ असण्याचं कारण नाही, पण अधिवास आक्रसला की तोच फेरा तिला सावरू देत नाही. कारवीलाही हीच अडचण आहे, फक्त तिच्याकडे जमीन जास्त आहे आणि वेगवेगळ्या डोंगरांवरचे फेरे वेगवेगळ्या वर्षी येतात. बोरिवलीला २००८, २०१६, २०२४ असा क्रम, पण दुसऱ्या एखाद्या घाटात त्याच वर्षी फूल नसतंही.

नाखवा

एक भाबडा प्रश्न. सगळ्यांनी एकदम फुलायचं कशाला? दरवर्षी थोडी थोडी फुलली असती तर आपणही दरवर्षी गेलो असतो.

पिंपळपान

नाखवा, भाबडा नाही, यावर शास्त्रज्ञ बरंच भांडलेत. सगळ्यात मानला जाणारा विचार असा : बी खाणारे किडे, पक्षी, उंदीर यांची संख्या दरवर्षीच्या खुराकावर ठरते. झाडांनी सात वर्षं त्यांना काहीच दिलं नाही आणि आठव्या वर्षी एकदम डोंगरभर बी ओतलं, तर खाणाऱ्यांची पोटं भरूनही पुष्कळ बी उरतं. बांबूबाबत डॅनियल जॅन्झन यांनी १९७६ मध्ये हाच विचार मांडला होता.

याची दुसरी बाजू अशी की या युक्तीला संख्या लागते. पन्नास झुडपांचा तुकडा उरला तर त्याचं बी खाणारे सहज संपवतील. म्हणून तुकड्यातुकड्यांत उरलेली कुरिंजी मोजताना 'अजून आहे की' म्हणून चालत नाही.

कातळसडा

👏 या एका परिच्छेदासाठी धागा वाचल्याचं सार्थक झालं.

डोंगरवेडा

अवांतर : कारवीच्या बोंडांचा आवाज ऐकलाय का कुणी? बहरानंतर बोंडं वाळून झाडावरच राहतात आणि पहिल्या पावसाचं पाणी लागलं की तडतड फुटतात. आत बियांना आकड्यासारखा आधार असतो, तो बी लांब फेकतो. अख्खा उतार वाजत असतो. बहर बघायला झुंबड उडते, पण ही तडतड ऐकायला जूनमध्ये कुणी फिरकत नाही. माझ्या मते हे फुलांइतकंच बघण्यासारखं आहे.

अबोली

नाही ऐकलाय! यादीत टाकलं.

टाकळा

कायद्याचं काय? कुरिंजीला संरक्षण आहे का खरंच, की नुसती यादी?

मावळतीकर

आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ ची सुधारणा झाली, त्यातल्या तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित वनस्पतींच्या यादीत, नीलकुरिंजी आहे. उपटणं, जाणूनबुजून नुकसान करणं, विकणं हा गुन्हा आहे. लाल यादीला स्वतःचा असा कायद्याचा दात नसतो, हे लक्षात ठेवायला हवं. ती पाहणी आहे. दात या अनुसूचीला.

जागेच्या पातळीवर एरविकुलम राष्ट्रीय उद्यान आहे, मुख्यतः नीलगिरी ताहर या रानबकरीसाठी राखलेलं, त्यामुळे तिथली कुरिंजीही वाचली. आणि खास कुरिंजीसाठी इडुक्की जिल्ह्यात कुरिंजीमला अभयारण्य २००६ मध्ये जाहीर झालं, साधारण ३२ चौरस किलोमीटर. पण तिथे जमिनीच्या हक्कांवरून वर्षानुवर्षं वाद चालू आहेत. कागदावर अभयारण्य होणं आणि डोंगरावर होणं यात खूप अंतर असतं.

कातळसडा

पर्यटनाचं मत काय लोकांचं? २०१८ ला ऐन बहरात केरळात पूर आला आणि रस्ते बंद झाले. स्थानिकांचं नुकसान झालं, ते वाईटच. पण झाडांना मोकळीक मिळाली असेल असंही वाटतं.

मावळतीकर

मी पूर ओसरल्यावर गेलो. राजमळ्याला उद्यानाच्या गाडीतून नेतात, आखलेल्या वाटेवरून चालवतात. तिथे मला काही नुकसान दिसलं नाही. त्रास होता तो बाहेरच्या उघड्या डोंगरांवर, जिथे कुणी विचारणारं नव्हतं. लोक झुडपांत शिरून फोटो काढत होते, जुडगेच्या जुडगे उपटून गाडीच्या टपावर. तेव्हा माझं मत : येऊ द्या लोकांना, पण वाट आखा. लोक येतात म्हणून तर त्या डोंगराला राखण्यासारखं काही आहे हे सरकारला दिसतं.

टाकळा

माझं मत उलट. बहराचं वर्ष बी धरायचं वर्ष आहे. त्या वर्षी सगळ्यात कडक बंदी हवी, आणि आपण नेमकी त्याच वर्षी जत्रा भरवतो.

जुईली

दोघांचंही पटतंय, त्यामुळे काही ठरवता येत नाहीये. बहुतेक फुलं असताना आखीव वाटेने जाऊ द्यावं आणि बी पडताना पूर्ण बंद ठेवावं.

अबोली

प्रश्न : बी आणून कुंडीत लावता येईल का कुरिंजी? 🙈

पिंपळपान

नको गं. एक तर ती संरक्षित आहे. दुसरं, तिला लागणारा गारवा, धुकं आणि माळ कुंडीत देता येणार नाही. जांभळी कोरांटी लाव, त्याच कुळातली आहे आणि दरवर्षी फुलेल.

गिरिमित्र

शाल्मलीताईंच्या मूळ प्रश्नाकडे येतो, कारण आणखी एक गोष्ट राहिलीय. लोक कासचे फोटो टाकून खाली 'कारवी' लिहितात, ती कित्येकदा टोपली कारवी असते. उघड्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, गोल घुमटासारखी, बुटकी. ती वेगळी जात. तसंच कर्नाटकातल्या डोंगरांवर काहीही निळं फुललं की 'नीलकुरिंजी फुलली' अशी बातमी येते. कुरिंजी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जाती अनेक आहेत, सगळ्या कुंथियाना नव्हेत. या गोंधळाचा थेट परिणाम होतो. चार जातींची फुलं एकीच्या नावावर जमा झाली, की जी खरंच कमी आहे ती भरपूर असल्यासारखी वाटते.

शाल्मली

गिरिमित्र, हे फार महत्त्वाचं. मग आपणच इथे नोंदी ठेवू या का? कुठल्या घाटात कारवी कुठल्या वर्षी फुलली, एवढं जरी सगळ्यांनी आपापल्या भागापुरतं लिहिलं तरी दहा-पंधरा वर्षांत फेऱ्यांचा नकाशा उभा राहील. टाकळा म्हणतो तसं उतार कापला गेला तर तेही त्यात येईल, आणि मग 'कशावरून' या प्रश्नाला हातात उत्तर असेल. नीलकुरिंजीच्या बहराच्या नोंदी १८३८ पासूनच्या आहेत, म्हणून तर तिकडे २०३० ची वाट आत्तापासून बघता येते.

टाकळा

मी तयार. माझ्याकडचे दोन घाट माझे.

डोंगरवेडा

ताम्हिणीची बाजू मी घेतो. जून आणि सप्टेंबर, दोन्ही वेळा.

पिंपळपान

नोंद टाकताना एवढं करा. नुसत्या फुलाचा फोटो नको. पूर्ण झुडूप, उंची कळेल असा एक, पानाची वरची आणि खालची बाजू, आणि फुलोऱ्याचा जवळून एक, केस दिसतील असा. ठिकाण लिहा, उतार की सपाट सडा ते लिहा. आणि फूल नसलेल्या वर्षीही लिहा, की झुडपं आहेत, फूल नाही. बहुतेक लोक तीच नोंद करत नाहीत.